बाळंतपणानंतरची मूत्रगळती : लाजेपोटी सोसू नये असे दुखणे

खोकला आला, शिंक आली किंवा बाळाला पाळण्यातून उचलले की नकळत लघवीचे थेंब गळतात. कधी लघवीला लागल्याची जाणीव होते आणि स्नानगृहाचे दार गाठेपर्यंत कपडे ओले होतात. बाळंतपणानंतर हा अनुभव अनेक स्त्रियांना येतो, पण त्याविषयी बोलणाऱ्या मात्र थोड्या. आईला किंवा सासूला सांगावे, तर ‘आम्हालाही झाले होते, होते असे’ हे उत्तर ठरलेले. डॉक्टरांकडच्या फेरीत विषय असतो तो बाळाच्या वजनाचा आणि लसीचा. आईच्या या त्रासाची विचारपूस तिथे क्वचितच होते.

‘होते असे’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. मूत्रगळती सर्रास आढळते, परंतु ती बाळंतपणाबरोबर आयुष्यभरासाठी पदरी पडलेली नसते. बहुतेक स्त्रियांमध्ये ती योग्य व्यायामाने आणि थोड्या शिस्तीने बरी होते किंवा पुष्कळ कमी होते. त्यासाठी ती ओळखणे, वेळीच बोलणे आणि उपचार नेटाने करणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतरचे पहिले तीन महिने या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात.

किती जणींना होतो त्रास?

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा एकत्रित विचार केला, तर प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एका स्त्रीला कमी-अधिक प्रमाणात मूत्रगळती होते. पैकी बऱ्याच जणींचा त्रास काही आठवड्यांत आपोआप थांबतो. ज्यांचा थांबत नाही, त्यांच्याविषयी डेन्मार्कमधील एका अभ्यासाने २००१ मध्ये लक्षवेधी निष्कर्ष मांडला. पहिल्या गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर गळती सुरू झालेल्या ज्या स्त्रियांमध्ये ती तीन महिन्यांनंतरही थांबली नव्हती, त्यांच्यापैकी ९२ टक्के स्त्रियांना पाच वर्षांनंतरही ती होतच होती. अभ्यासातील अशा स्त्रियांची संख्या मोठी नव्हती, तरी त्यातून मिळणारा इशारा स्पष्ट आहे. तीन महिन्यांनंतरही टिकलेली गळती ‘जाईल हळूहळू’ म्हणून सोडून देऊ नये.

सिझेरियन झालेल्या स्त्रियांना हा त्रास होत नाही, असाही एक समज आहे. नॉर्वेमध्ये १५ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूल न झालेल्या स्त्रियांमध्ये मूत्रगळतीचे प्रमाण सुमारे १० टक्के, केवळ सिझेरियन झालेल्यांमध्ये सुमारे १६ टक्के, तर नैसर्गिक प्रसूती झालेल्यांमध्ये २१ टक्के आढळले. म्हणजे सिझेरियनने धोका काहीसा कमी होतो, पण टळत नाही. नऊ महिने गर्भाचा भार वाहण्याचाही या स्नायूंवर परिणाम होतच असतो. केवळ मूत्रगळती टाळण्यासाठी सिझेरियनचा आग्रह धरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

असे का होते?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी पसरलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्ही अवयवांना ती खालून आधार देते. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग याच झोळीतून बाहेर येतात. खोकताना किंवा वजन उचलताना पोटातील दाब वाढतो, तेव्हा हे स्नायू आकुंचन पावतात, मूत्रमार्गाला खालून आधार देतात आणि तो मिटलेला ठेवतात.

गर्भारपणात ही झोळी ताणली जाते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके बाहेर येताना स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणला जातो. काही वेळा स्नायूंचे तंतू तुटतात, तर काही वेळा त्यांना चेतना पुरवणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो. बाळ चार किलोहून अधिक वजनाचे असणे, कळा देण्याचा टप्पा लांबणे, चिमटा लावून प्रसूती करावी लागणे, आईचे वय किंवा वजन अधिक असणे, या गोष्टींनी धोका वाढतो. गर्भारपणातच गळती सुरू झालेल्या स्त्रियांना नंतरही ती होण्याची शक्यता अधिक असते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांमुळे आधीच थकलेल्या स्नायूंवर रोज नव्याने ताण पडत राहतो.

गळतीचे प्रकार

सर्वांत अधिक आढळतो तो ताणामुळे होणाऱ्या गळतीचा प्रकार. खोकणे, शिंकणे, खळखळून हसणे, उडी मारणे, बादली उचलणे अशा क्षणी लघवीचे थेंब गळतात. दुसरा प्रकार घाईच्या गळतीचा. यात लघवीची भावना अचानक आणि इतक्या जोरात होते की, थांबणेच अशक्य होते. पहिल्या प्रकारात दोष प्रामुख्याने आधाराचा असतो. दुसऱ्यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो. अनेक जणींमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. आपला प्रकार कोणता, हे ओळखणे महत्त्वाचे असते, कारण दोन्हींचे उपचार काही अंशी वेगळे आहेत.

तिसरा प्रकार प्रसूतीनंतर लगेचच्या काळातला आणि सहज दुर्लक्षित होणारा. दीर्घकाळ चाललेल्या कळा, वेदनाशामक भूल किंवा टाक्यांची सूज यांमुळे मूत्राशय भरल्याची जाणीवच होत नाही. मूत्राशय तुडुंब भरतो आणि लघवी थोडी थोडी बाहेर पडत राहते. वरवर पाहता ही गळती वाटते, प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असते. म्हणूनच प्रसूतीनंतर किंवा लघवीची नळी काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, तर ते डॉक्टरांना किंवा परिचारिकेला सांगणे आवश्यक असते. अशा वेळी नळी घालून मूत्राशय रिकामा करावा लागतो. तो फार ताणला गेला, तर त्याची शक्ती परत येण्यास बराच काळ लागू शकतो.

डॉक्टरांकडे त्वरित केव्हा जावे?

दिवसरात्र, उठता-बसता, झोपेतही लघवी सतत झिरपत असेल, तर ती साधी मूत्रगळती नसून मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडल्याचे लक्षण असू शकते. अडलेल्या प्रसूतीत दीर्घकाळ दाब पडल्याने किंवा शस्त्रक्रियेतील इजेमुळे असे छिद्र पडते. व्यायामाने ते भरत नाही. लवकर लक्षात आल्यास काही वेळा केवळ नळी ठेवून ते भरून येते, अन्यथा शस्त्रक्रिया करावी लागते. संयुक्त राष्ट्रसंघातर्फे २०१३ पासून दरवर्षी २३ मे हा दिवस या विकाराच्या निर्मूलनासाठी पाळला जातो.

याखेरीज लघवी करताना जळजळ, ताप, लघवीत रक्त, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पायांतील अशक्तपणा, शौचावर ताबा न राहणे किंवा योनिमार्गातून काही खाली उतरल्यासारखे वाटणे, यांपैकी कोणतेही लक्षण असेल, तर सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट पाहू नये. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानेही गळती वाढते आणि लघवीच्या साध्या तपासणीने तो कळतो.

मुख्य उपचार : व्यायाम

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आपल्याकडील योगाभ्यासात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या क्रियांमध्येही याच भागातील स्नायू आवळले जातात. त्यांची सवय असलेल्या स्त्रियांना केगेल व्यायाम लवकर उमगतो.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ताणामुळे होणाऱ्या आणि मिश्र गळतीवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली किमान तीन महिने हा व्यायाम करणे, हा पहिला उपचार आहे. औषधे आणि शस्त्रक्रिया यांचा विचार नंतरचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यातही ताणजन्य गळती असलेल्या स्त्रियांपैकी हा व्यायाम करणाऱ्यांमध्ये ‘गळती थांबली’ असे सांगण्याचे प्रमाण, उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत आठपट आढळले. या आढाव्यात केवळ बाळंतिणी नव्हे, तर सर्व वयोगटांतील स्त्रियांचा समावेश होता.

व्यायामाची पद्धत अशी :

* प्रथम लघवी करून यावे. उताणे झोपून गुडघे दुमडावेत. टाके दुखत असतील, तर कुशीवर झोपावे.

* पोटातील वायू रोखून धरायचा आहे, अशा रीतीने गुदद्वाराभोवतीचे स्नायू आवळावेत. त्याच वेळी लघवी अडवल्याप्रमाणे पुढचा भागही आवळून आत आणि वर ओढून घ्यावा.

* पाच सेकंद धरून ठेवावे, मग पूर्ण सैल सोडावे. तेवढाच वेळ विश्रांती घ्यावी. पाच सेकंद जमत नसतील, तर दोन-तीनपासून सुरुवात करावी आणि काही आठवड्यांत दहा सेकंदांपर्यंत जावे.

* असे आठ ते दहा वेळा करावे. त्यानंतर झटकन आवळणे आणि सोडणे, असेही दहा वेळा करावे.

* हा क्रम दिवसातून तीन वेळा करावा. झोपून जमू लागले की बसून आणि नंतर उभ्याने करावा.

श्वास चालू ठेवणे, तसेच पोट, नितंब आणि मांड्या सैल ठेवणे ही दोन पथ्ये विसरू नयेत. प्रसूती नैसर्गिक आणि गुंतागुंतीविना झाली असेल, तर एक-दोन दिवसांत हलक्या हाताने सुरुवात करता येते. लघवीची नळी असल्यास ती काढल्यानंतरच व्यायाम करावा. फाटलेला भाग खोलवर शिवला असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

नव्या आईला स्वतःसाठी वेळ मिळणे कठीण, हे खरे. म्हणून हा व्यायाम बाळाला पाजण्याच्या वेळेशी जोडावा. पाजणे दिवसातून अनेक वेळा होतेच; त्यातील तीन वेळा व्यायामाच्या, असे ठरवले की आठवण राहते. बाहेरच्या कोणालाही तो चालू असल्याचे कळत नाही.

चूक होते ती कुठे?

व्यायाम साधा वाटतो, पण तो चुकीचा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देण्यात आल्या. त्यांपैकी जेमतेम निम्म्या जणींना आकुंचन नीट जमले. सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया तर गळती वाढू शकेल अशा पद्धतीने, वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. ‘व्यायाम केला, पण गुण आला नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

योग्य स्नायू आवळले जात आहेत की नाही, हे आरशात पाहता येते. योनी आणि गुदद्वार यांमधला भाग आत ओढला गेला, तर व्यायाम बरोबर आहे. तो बाहेर फुगला, तर चूक आहे. लघवीची धार मध्येच रोखणे हा स्नायू ओळखण्यासाठी एखाद वेळी करून पाहण्याचा उपाय आहे. तो रोजचा व्यायाम म्हणून करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. शंका असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडून किंवा या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे. मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत आता असे फिजिओथेरपिस्ट असतात. ज्यांना स्नायू आवळणे मुळीच जमत नाही, त्यांना ते यंत्राच्या साहाय्याने शिकवता येते.

परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडणे, ही दुसरी नेहमीची चूक.

शिंक येण्यापूर्वी आवळा

स्नायू बळकट होईपर्यंत एक युक्ती उपयोगी पडते. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, किंवा बाळाला उचलण्यापूर्वी, तळाचे स्नायू आवळून धरावेत आणि काम झाल्यावर सोडावेत. अमेरिकेतील मिशिगन येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही युक्ती शिकलेल्या स्त्रियांमध्ये खोकताना होणारी गळती आठवडाभरातच लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले.

पाणी तोडू नका

मूत्रगळती सुरू झाली की बहुतेक स्त्रिया पहिली गोष्ट करतात, ती पाणी कमी पिण्याची. लोकलचा तास-दीड तासाचा प्रवास आणि स्थानकावरील स्वच्छतागृहांची अवस्था पाहता हे समजण्याजोगे असले, तरी उपाय उलटतो. लघवी दाट झाली की मूत्राशयाचा दाह होतो आणि घाई वाढते. शिवाय जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता यांना आमंत्रण मिळते. स्तनपान देणाऱ्या आईला तर पाण्याची गरज अधिक असते. तहानेप्रमाणे पाणी प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे पाणी पुरेसे आहे, असे समजावे. चहा आणि कॉफी मात्र कमी करावी, कारण त्यांतील कॅफीनने घाई वाढते.

शौचाला कुंथावे लागू नये, याकडेही लक्ष द्यावे. बाळंतिणीच्या आहारात डिंक, खोबरे आणि तूप यांची रेलचेल असते, पण पालेभाज्या ‘वातुळ’ आणि फळे ‘थंड’ म्हणून अनेक घरांत वर्ज्य ठरतात. त्यातून बद्धकोष्ठता वाढते. भाज्या, फळे, कोंड्यासह पीठ आणि पुरेसे पाणी यांना बाळंतिणीच्या ताटात स्थान हवे. पोट कसून बांधण्याची प्रथाही जपूनच पाळावी. घट्ट पट्ट्याने पोटातील दाब खालच्या दिशेने ढकलला जातो, जिथे स्नायू आधीच दुबळे झालेले असतात.

वाढलेले वजन उतरल्यासही फरक पडतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्थूल स्त्रियांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवले, तेव्हा त्यांच्या गळतीचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. मात्र त्यासाठी बाळंतपणानंतर लगेच धावणे किंवा दोरीवरच्या उड्या सुरू करू नयेत. निदान बारा आठवडे चालण्यावर भर द्यावा. भरलेल्या बादल्या आणि गॅसचे सिलिंडर उचलण्याचे काम या काळात घरातील इतरांनी करावे.

घाईच्या गळतीसाठी मूत्राशयाला वळण

ज्यांना घाईचा त्रास आहे, त्यांनी तीन दिवस वहीत नोंद ठेवावी. किती वाजता लघवीला गेले, किती वेळा गळती झाली, काय प्यायले, हे लिहावे. त्यातून दोन फेऱ्यांमधील अंतर कळते. मग हे अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत न्यावे. भावना झाली की धावत न सुटता जागीच थांबावे, तळाचे स्नायू आवळावेत, दीर्घ श्वास घ्यावा आणि भर ओसरल्यावर चालत जावे. हे वळण लागण्यास किमान सहा आठवडे द्यावे लागतात. ‘बाहेर पडण्यापूर्वी उगाच एकदा’ जाण्याची सवय मात्र सोडावी. तिने मूत्राशयाला थोड्याच लघवीने भरल्याची जाणीव होऊ लागते. घाईच्या गळतीवर औषधे आहेत, परंतु स्तनपान चालू असताना ती डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नयेत.

पॅड आणि शस्त्रक्रिया

उपचारांना गुण येईपर्यंत पॅड वापरण्यात काहीच गैर नाही. मासिक पाळीसाठीचे पॅड लघवी लवकर शोषत नाहीत. लघवीसाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानांत मिळतात. ओला पॅड वेळच्या वेळी बदलावा, अन्यथा त्वचा सोलवटते. पॅड ही सोय आहे, उपचार नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

व्यायाम नेटाने करूनही ताणजन्य गळती थांबली नाही, तर शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. स्वीडनमधील डॉ. उल्फ उल्मस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर रूढ झाली. पुढे काही स्त्रियांना जाळीमुळे दीर्घकालीन वेदना आणि इतर गुंतागुंत झाल्याच्या तक्रारी आल्या. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये तिच्या वापराला स्थगिती देण्यात आली. रुग्णाच्या स्वतःच्या ऊतींची पट्टी वापरणे, हा दुसरा मार्ग आहे. सर्व पर्यायांचे फायदे-तोटे समजून घेऊनच निर्णय करावा. आणखी मूल हवे असेल, तर सामान्यतः शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कारण पुढच्या प्रसूतीत तिचा परिणाम नाहीसा होऊ शकतो.

पुढच्या बाळंतपणाची तयारी

हा व्यायाम गर्भारपणातच सुरू करणे सर्वांत चांगले. २०२० मधील कॉक्रेन आढाव्यानुसार, गळती नसलेल्या गर्भवतींनी आधीपासून व्यायाम केल्यास गर्भारपणाच्या अखेरीस गळतीचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी, तर प्रसूतीनंतर तीन ते सहा महिन्यांच्या काळात सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतो. डोहाळजेवणाच्या तयारीइतकेच या व्यायामाच्या शिकवणीलाही महत्त्व द्यायला हवे.

बोलले पाहिजे

मूत्रगळतीने जिवाला धोका नसतो, पण जगणे आक्रसते. लग्नकार्याला जाणे टळते, हसणे आवरते घेतले जाते, पतीपासून अंतर पडते, रात्रीची झोप मोडते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पात्र नोकरदार स्त्रियांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळू लागली. ती संपण्यापूर्वी व्यायामाचे तीन महिने सहज पूर्ण होऊ शकतात. ज्यांना इतकी रजा मिळत नाही, त्यांनाही हा व्यायाम कामाच्या जागी, बसल्या बसल्या करता येतो.

सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना बाळाच्या फाइलबरोबर स्वतःचा प्रश्नही न्यावा. ‘डॉक्टर, खोकताना लघवी गळते,’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. डॉक्टरांनीही प्रत्येक बाळंतिणीला हा प्रश्न आपणहून विचारायला हवा. आणि ज्यांच्या बाळंतपणाला दहा-वीस वर्षे लोटली, पण गळती अजूनही आहे, त्यांनीही उशीर झाला असे मानू नये. हे स्नायू कोणत्याही वयात बळकट करता येतात.